चाऱ्याच्या गवतात दिवसा दडणाऱ्या आणि रात्री खाणाऱ्या अळ्या : नव्या चारा-उत्पादकांसाठी व्यवस्थापनाच्या पायऱ्या

गवतावरील अळ्यांचा शोध घेण्यासाठी नवखा चारा-उत्पादक बहुधा दुपारी वावरात जातो आणि तिथेच त्याची फसगत होते. पाने कडेने कुरतडलेली असतात, कोवळे फुटवे जमिनीलगत कापून पडलेले असतात, परंतु पानापानावर शोधूनही एक अळी हाती लागत नाही. मग दोष कधी पाण्याला, कधी खताला, तर कधी शेजाऱ्याच्या मोकाट गुरांना दिला जातो. वस्तुतः अळी तिथेच असते. दिवसभर ती दोन बोटे मातीखाली, ढेकळाच्या आडोशाला, वाळलेल्या पाल्याखाली किंवा काळ्या जमिनीच्या भेगेत पडून राहते आणि अंधार पडल्यावर वर येऊन खाते.

हा लेख विदर्भात अर्ध्या-एक एकरात संकरित नेपियर, मारवेल, लसूण घास, बरसीम किंवा चाऱ्याची ज्वारी-मका लावून दोन-चार दुभती जनावरे सांभाळू पाहणाऱ्यांसाठी आहे. गावच्या ई-क्लास जमिनीवरील, म्हणजे चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीवरील, कुरणाची जबाबदारी ज्यांच्याकडे आली आहे, त्यांनाही यातील बराचसा भाग उपयोगी पडेल. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. कपाशीवर किंवा हरभऱ्यावर चालणारे उपाय चाऱ्यावर जसेच्या तसे चालत नाहीत, कारण आज फवारलेले पान उद्या गव्हाणीत आणि परवा दुधात उतरू शकते. म्हणून येथे उपायांचा क्रम उलटा आहे: विळा, पाणी, वखर आणि पक्षी आधी, औषधाचा पंप अगदी शेवटी, आणि तोही शक्यतो काढूच नये.

पहिली पायरी : अळी नेमकी कोणती, हे ठरवणे

गवताच्या नुकसानीचे गुन्हेगार अनेक असले, तरी पतंगवर्गीय अळ्यांमध्ये विदर्भातील चाऱ्याला चौघींची ओळख पुरेशी आहे.

पहिली म्हणजे रोपे कुरतडणारी अळी, जिला शेतकरी कटवर्म असेही म्हणतात. ही काळपट करड्या रंगाची, तेलकट दिसणारी, पूर्ण वाढल्यावर दीड इंचाच्या आसपास लांब आणि हात लावताच गुंडाळी करून पडणारी अळी आहे. ती पाने खाण्यात वेळ घालवत नाही, तर रोप जमिनीलगत कापते आणि पुष्कळदा कापलेला शेंडा आपल्या बिळाकडे ओढून नेते. सकाळी एखादे पान अर्धे मातीत खुपसल्यासारखे दिसले, तर त्याच ठिकाणी खुरप्याने हलके उकरावे. बहुतेक वेळा अळी तिथेच सापडते. लसूण घास, बरसीम आणि नुकतीच उगवलेली मका यांना हिचा त्रास अधिक होतो, विशेषतः जिथे पाणी साचून ओल टिकते आणि तण माजलेले असते अशा सखल भागात.

दुसरी लष्करी अळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत हिची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही, कारण धान पक्व होण्याच्या सुमारास लोंब्या कुरतडून बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सडा पाडणारी अळी ती हीच. हिरवट, तपकिरी किंवा करड्या अंगावर लांबीच्या दिशेने जाणारे पट्टे, डोक्यावर जाळीदार नक्षी आणि झुंडीने एका वावरातून दुसऱ्यात सरकण्याची सवय या तिच्या खुणा आहेत. मादी पतंग पानाच्या घडीत किंवा पान आणि खोड यांच्यामधल्या सापटीत अंडी घालते, चार-पाच दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि पूर्ण वाढलेली अळी जमिनीत शिरून कोषात जाते.

तिसरी अमेरिकन लष्करी अळी, जी भारतात 2018 साली प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडील भागावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके, एवढे पाहिले की ओळख पटते. ही दिवसा मातीत न जाता पोंग्यात, म्हणजे ताटाच्या मधोमध गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, बसते आणि लाकडाच्या भुशासारखी विष्ठा तिथेच टाकते; कोषावस्थेसाठी मात्र तीही जमिनीतच उतरते. चाऱ्याचा मका हे तिचे सर्वांत आवडते खाद्य आहे, त्याखालोखाल ज्वारी.

चौथा खोडकिडा. हा मातीत बीळ करत नाही, तर ताटाच्या आत करतो. पानांवर एका ओळीत टोचल्यासारखी छिद्रे, त्यानंतर मधला पोंगा सुकून हाताने अलगद उपटून येणे, ज्याला पोंगेमर म्हणतात, ही त्याची लक्षणे. ज्वारी-मक्यात ठिपकेदार अंगाचा आणि गुलाबी रंगाचा असे त्याचे दोन प्रकार आपल्याकडे आढळतात.

आता ज्यांचा या यादीशी संबंध नाही त्यांच्याविषयी. हुमणी ही भुंगेऱ्याची अळी आहे, पतंगाची नव्हे. ती पांढरट, जाडजूड, तपकिरी डोक्याची असते, मुळे खाते आणि तिने पोखरलेले गवत ओढताच गालिच्यासारखे उचलून हाती येते. फरक करण्याची सोपी रीत म्हणजे पाय पाहणे: हुमणीला छातीशी फक्त तीन जोड्या पाय असतात, तर पतंगाच्या अळीला त्यांच्याशिवाय पोटाखालीही मांसल पाय असतात. उधईचे नुकसान त्याहून वेगळे असते, कारण तिथे खोडावर मातीचे पापुद्रे चढलेले दिसतात. हुमणीवरचा उपाय लष्करी अळीवर केला, तर पैसा आणि आठवडा दोन्ही वाया जातात. तालुक्याच्या बाजारात दुकानदाराला नुसते “गवतावर अळी आली” असे सांगितले, की बहुधा असेच होते. म्हणून अळी बाटलीत घालून, झाकणाला भोके पाडून, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना दाखवणे केव्हाही स्वस्त पडते.

दुसरी पायरी : कोणत्या महिन्यात जागे राहायचे

मृगाच्या पावसानंतर गवत फुटू लागते, तसे पतंगही दिसू लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये चाऱ्याचा मका आणि ज्वारी कोवळी असताना अमेरिकन लष्करी अळी आणि खोडकिडा यांच्याकडे लक्ष ठेवावे. पावसाने मोठी ओढ दिल्यानंतर एकदम जोराचा पाऊस झाला, तर साध्या लष्करी अळीचा उद्रेक होण्याची शक्यता वाढते. पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ त्यादृष्टीने महत्त्वाचा आहे. धानाची कापणी सुरू झाली की बांधीतील अळ्यांचे अन्न संपते आणि त्या शेजारच्या हिरव्या नेपियरकडे वळतात, ही गोष्ट पूर्व विदर्भातील चारा-उत्पादकांनी विसरू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा लसूण घास आणि बरसीम यांच्यावरील कुरतडणाऱ्या अळीचा हंगाम. उन्हाळ्यात कोरडवाहू कुरणात फारसे काही घडत नाही, परंतु विहिरीच्या पाण्यावर केलेल्या चाऱ्याच्या मक्यात पोंगे तपासणे तेव्हाही सोडू नये.

तिसरी पायरी : शोध आणि मोजणी

या पायरीवर जो वेळ खर्च करील, त्याचे पुढचे निम्मे काम वाचेल.

दिवसा प्रथम वावराला फेरी मारावी आणि पक्षी कुठे उतरतात ते पाहावे. गायबगळे, साळुंक्या आणि कावळे एकाच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा चोच मारत असतील, तर त्या कोपऱ्यात काहीतरी आहे असे समजावे. रानडुकरांनी उकरलेली जागाही तसेच सांगते, मग ती अळी असो वा हुमणी. त्यानंतर गवताच्या बुडाशी बसून वाळलेला पाला बाजूला करावा. बाजरीच्या दाण्याएवढ्या हिरवट-काळ्या लेंड्या दिसल्या आणि त्या बोटाने दाबल्यावर ओलसर लागल्या, तर अळी कालच्या रात्री जेवून गेली आहे. लेंड्या कोरड्या आणि चुरा होणाऱ्या असतील, तर नुकसान जुने आहे आणि अळ्या बहुधा कोषात गेल्या आहेत. कोषात गेलेल्या अळीवर फवारणी करून काहीही साधत नाही.

दुसरी रीत रात्रीची. सूर्यास्तानंतर तासाभराने बॅटरी घेऊन गेल्यास अळ्या पानांच्या कडांवर खाताना प्रत्यक्ष दिसतात. रात्री जाताना गुडघ्यापर्यंतचे बूट आणि हातात काठी असावी, कारण ज्या गारव्यासाठी अळी बाहेर येते त्याच गारव्यात घोणस आणि मण्यारही फिरतात. चंद्रपूर, गडचिरोली किंवा मेळघाटच्या जंगललगत वावर असेल, तर हा प्रयोग करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाघ, बिबट आणि अस्वल यांच्या वाटेवर अळ्या मोजत बसण्यापेक्षा पुढे दिलेली साबणाच्या पाण्याची चाचणी दिवसाउजेडी करावी.

ही चाचणी सोपी आहे आणि तिला खर्च नाही. चार काड्या आणि सुतळी घेऊन एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकोन आखावा. नुकसान झालेल्या आणि शाबूत असलेल्या भागाच्या सीमेवर तो आखला तर उत्तम, कारण पूर्ण खाऊन टाकलेल्या जागेतून अळ्या पुढे सरकलेल्या असतात. चार लिटर पाण्यात भांडी घासण्याच्या पातळ साबणाचे दोन मोठे चमचे ढवळून ते पाणी झारीने त्या चौकोनावर सावकाश, सर्वत्र सारखे शिंपडावे आणि दहा मिनिटे तिथेच बसून राहावे. पहिली दोन-तीन मिनिटे काहीच घडत नाही आणि नवखा माणूस उठून निघून जातो. मग गवताच्या बुडाशी मातीचा एखादा कण हलतो, ओलसर डोके बाहेर येते आणि अळी पात्यावर चढू लागते. एक वर आली की तिच्या मागोमाग इतरही येतात. काळ्या भारी जमिनीला भेगा पडलेल्या असतील, तर साबणाचे पाणी सरळ भेगेत उतरून जाते आणि चाचणी फसते, म्हणून अशा जमिनीत आदल्या संध्याकाळी तेवढ्या जागेला पाणी देऊन ठेवावे. उन्हात साबणामुळे पाने करपू शकतात, त्यामुळे वेळ सकाळची किंवा दिवस कलतानाची निवडावी. या पाण्याने हुमणी वर येत नाही. तिच्यासाठी फावड्याने एक वीतभर खोल माती उकरूनच पाहावे लागते.

एकाच चौकोनावरून निष्कर्ष काढू नये. वावराच्या चार कोपऱ्यांत, मध्यभागी आणि धुऱ्यालगत, म्हणजे बांधालगत, अशा वेगवेगळ्या जागा घ्याव्यात आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत. धानामध्ये दर चौरस मीटरला चार ते पाच अळ्या हे उपाययोजनेचे प्रमाण मानले जाते. चाऱ्यासाठी तोच आकडा आंधळेपणाने लावणे मला पटत नाही. दोन वर्षांचे, मुळे खोल गेलेले नेपियर तेवढ्या अळ्या सहन करून पुन्हा फुटते, कारण त्याचे पान गेले तरी बेट शाबूत असते. पेरून तीन आठवडे झालेल्या लसूण घासाला मात्र निम्म्या अळ्याही भारी पडतात, कारण तिथे अळी पान खात नाही, रोपच संपवते. म्हणून आकड्याबरोबर पिकाचे वय आणि अळीची लांबी हेही लिहावे. अळ्या अर्ध्या इंचापेक्षा लहान असतील तर उपायाला वेळ आहे. दीड इंचाच्या झाल्या असतील, तर त्या लवकरच कोषात जाणार आहेत आणि तेव्हा उपायापेक्षा चारा वाचवून नेणे महत्त्वाचे ठरते.

चौथी पायरी : विळा आणि चराई

गवत कापणीच्या जवळ आले असेल, तर ते ताबडतोब कापावे. संकरित नेपियरची पहिली कापणी लागवडीनंतर साधारण दोन ते अडीच महिन्यांनी आणि नंतरच्या कापण्या चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी होतात. त्यात आठवडाभराची घाई झाल्याने उत्पादन थोडे घटेल, पण अळीने नेलेला चारा परत मिळत नाही. कापलेला चारा वावरात पसरून ठेवू नये, कारण त्याखाली अळ्यांना आयता आसरा मिळतो. तो त्याच दिवशी उचलावा, धुऱ्यावर झटकावा आणि कुट्टी करूनच गव्हाणीत टाकावा. जास्तीचा चारा मुरघासासाठी, म्हणजे हवाबंद आंबवून टिकवण्यासाठी, खड्ड्यात भरता येतो.

कापल्यानंतर उघड्या पडलेल्या बुडख्यांवर ऊन लागते आणि पक्ष्यांना जमीन दिसू लागते. नेमक्या याच वेळी गावठी कोंबड्या वावरात सोडल्या, तर त्या अळ्या आणि कोष दोन्ही वेचून खातात.

चराईच्या कुरणात विळ्याचे काम जनावरांच्या तोंडाने आणि खुरांनी करून घेता येते. न्यूझीलंडमध्ये पोरिना नावाची एक पतंगवर्गीय अळी कुरणात उभे बीळ करून राहते आणि रात्री वर येऊन गवत कापून खाली नेते. तिथले मेंढपाळ अंडी फुटण्याच्या काळात कुरण दाट कळपाने बुडापर्यंत चारून घेतात, जेणेकरून नुकत्या जन्मलेल्या नाजूक अळ्या उघड्या पडाव्यात आणि तुडवल्या जाव्यात. तत्त्व आपल्याकडेही लागू आहे, पण त्यांचे वेळापत्रक आणि त्यांची औषधे नव्हेत, कारण तिथला हंगाम उलटा आहे आणि ती अळी आपल्याकडे नाही. मोबाइलवर परदेशी कुरणांचे व्हिडिओ पाहून औषधांची नावे लिहून आणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. आपल्या ई-क्लास जमिनीवर गुराख्यांशी बोलून, अळी दिसलेला पट्टा दोन-तीन दिवस दाट चारून घ्यावा आणि मग त्याला विश्रांती द्यावी. काळी जमीन ओली असताना मात्र असे करू नये. खुरांनी ती चोपली गेली, तर पवना आणि मारवेलसारखी चांगली गवते मागे पडतात आणि कुसळी तेवढी माजते.

पाचवी पायरी : पाणी, माती आणि धुरा

ओलिताची सोय असेल, तर पट्टा-पट्टा करून सकाळी मोकळे पाणी द्यावे. पाणी भेगांत आणि बिळांत शिरताच अळ्या वर येतात आणि पाण्याच्या मागोमाग बगळे येतात. म्हणून हे काम रात्रीच्या विजेवर न करता, शक्य असल्यास दिवसाच्या पाळीत करावे. ठिबकवर वाढवलेल्या नेपियरमध्ये हा फायदा मिळत नाही. भारी जमिनीत पाणी साचू देऊ नये, एवढी काळजी पुरे.

कुरतडणाऱ्या अळीसाठी ढिगांची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. संध्याकाळी धुऱ्यावरचे तण कापून त्याचे टोपलीभर आकाराचे ढीग काही काही पावलांवर ठेवावेत. रात्री खाऊन झाल्यावर अळ्या उजाडताना त्याखाली शिरतात. सकाळी ऊन चढण्याआधी ढीग उचलून खालच्या अळ्या वेचाव्यात आणि साबणाच्या पाण्याच्या घमेल्यात टाकाव्यात. आठ दिवस सलग केले, तर अर्ध्या एकराच्या लसूण घासाला दुसऱ्या कशाचीही गरज भासणार नाही असे पुष्कळदा घडते. अट एकच, ढीग रोज उचलले पाहिजेत; न उचललेला ढीग म्हणजे अळीला बांधून दिलेले घर.

लष्करी अळीची झुंड शेजारच्या बांधीतून किंवा पडीतून येताना दिसली, तर त्या बाजूला वीतभर खोल चर खणावा आणि आपल्या वावराकडची त्याची भिंत उभी, गुळगुळीत ठेवावी. चरात पडलेल्या अळ्यांना ती भिंत सहज चढता येत नाही आणि त्या तिथेच गोळा करून नष्ट करता येतात.

उन्हाळी नांगरटीने कोष उघडे पडतात, हे सर्वांना ठाऊक आहे; परंतु नेपियर किंवा मारवेल ही बहुवार्षिक गवते असल्याने तिथे नांगर घालता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक कापणीनंतर ओळींमधून डवरा फिरवावा. कोष फार खोल नसतात, त्यामुळे उथळ डवरणीनेही त्यातले बरेचसे उन्हात येतात. हंगामी चाऱ्यात, म्हणजे ज्वारी-मक्यात, कापणीनंतर राहिलेली धसकटे वेचून काढणे हा खोडकिड्यावरचा मुख्य उपाय आहे, कारण त्याची अळी कोरडा काळ धसकटांत आणि कडब्याच्या ताटांत झोपून काढते. कडबा उभाच्या उभा रचून ठेवण्यापेक्षा त्याची कुट्टी करून ठेवली, तर पुढच्या पावसाळ्यातील पतंगांची एक पिढी तिथेच संपते.

युरियाचा हात आखडता ठेवावा. एकदम दिलेल्या जास्तीच्या नत्राने गवत लुसलुशीत होते खरे, पण ते अळ्यांनाही तेवढेच आवडते. त्यामुळे नत्र प्रत्येक कापणीनंतर विभागून द्यावे. धुऱ्यावरचे माजलेले गवत हे अंडी घालण्याचे ठिकाण असल्यामुळे तेही वेळच्या वेळी कापून घ्यावे.

सहावी पायरी : पक्षी, प्रकाश आणि बुरशी

कापणीनंतर वावरात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे पक्षिथांबे उभे करावेत; कोतवाल आणि साळुंकी त्यांचा लगेच वापर करू लागतात. प्रकाश सापळा म्हणजे दिव्याखाली ठेवलेले पाण्याचे पसरट भांडे, ज्यात थोडा साबण टाकलेला असतो. त्याने अळ्यांचा नायनाट होईल अशी अपेक्षा ठेवू नये. त्याचा उपयोग खबर मिळण्यापुरता आहे: फिकट तपकिरी, पंखांवर बारीक पांढरा ठिपका असलेले पतंग एकाएकी वाढले, की पुढच्या आठवड्यात बुडाशी लहान अळ्या शोधायच्या. रात्री दहानंतर दिवा बंद करावा, म्हणजे मित्रकीटक विनाकारण मरत नाहीत. खोडकिड्यासाठी ट्रायकोग्रामा या परजीवी कीटकाची कार्डे मिळतात. ती अंडी दिसण्याच्या काळातच लावली पाहिजेत, अळी ताटात शिरल्यावर त्यांचा उपयोग नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत कधीकधी पानांवर कडक होऊन चिकटलेल्या, आधी पांढऱ्या आणि मग फिकट हिरव्या दिसणाऱ्या अळ्या आढळतात. सोयाबीन घेणाऱ्यांनी त्या पाहिलेल्या असतील. ही नोमुरिया बुरशीची करामत आहे. अशा अळ्या वेचून फेकू नयेत. त्यांच्यावरची भुकटी वाऱ्याने पसरून इतर अळ्यांना रोग लावते. हीच बुरशी, तसेच मेटाऱ्हायझियम ही दुसरी बुरशी आणि बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू, भुकटीच्या स्वरूपात विकत मिळतात. बुरशीची भुकटी साधारण 5 ग्रॅम आणि जिवाणूची 2 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून, वेगवेगळ्या वेळी, सूर्यास्ताच्या सुमारास फवारतात. दुपारच्या उन्हात फवारले तर जिवंत घटकच मरतात. फवारा पानांबरोबर बुडाशीही गेला पाहिजे. पाकिटावरील उत्पादनाची तारीख पाहिल्याशिवाय ते घेऊ नये, कारण उन्हात दुकानाबाहेर मांडलेल्या जुन्या पाकिटात बहुधा नुसती पांढरी माती उरलेली असते. 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे 100 लिटर पाण्यासाठी 5 किलो निंबोळी पावडर, लहान अळ्यांना खाण्यापासून परावृत्त करतो. मोठ्या अळ्यांवर त्याचा भरवसा धरू नये. त्याची कडू चव चाऱ्यालाही लागते, त्यामुळे फवारलेला चारा काही दिवस गुरे नाकारू शकतात.

सातवी पायरी : रासायनिक औषध, आणि ते का टाळावे

कीटकनाशकाच्या लेबलवर पिकाचे नाव, प्रमाण आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे ते छापलेले असते. ज्या पिकाचे नाव लेबलवर नाही, त्यावर ते औषध वापरू नये, हा नियम चाऱ्याच्या बाबतीत दुप्पट कडकपणे पाळावा. धान्याच्या मक्यावर शिफारस असलेले औषध चाऱ्याच्या मक्याला चालते, असे दुकानात सांगितले जाते. परंतु धान्याचा मका काढायला महिने असतात आणि चाऱ्याचा मका पुढच्याच पंधरवड्यात कापला जाणार असतो. डब्यावरील लाल त्रिकोण सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा, एवढे तरी वाचता आले पाहिजे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले होते. माणसांच्या उंचीएवढ्या वाढलेल्या नेपियरमध्ये शिरून फवारणी करणे हा त्याच प्रकारचा धोका आहे, कारण फवारा सरळ तोंडावर येतो.

लष्करी अळीसाठी विषारी आमिषाची शिफारसही वाचायला मिळते, ज्यात भाताचा कोंडा आणि गूळ आंबवून त्यात कीटकनाशक मिसळतात. चाऱ्याच्या वावरात हे कधीही करू नये. कोंडा आणि गूळ हे अळीआधी गाईला आवडतात, आणि दोर तोडून आलेल्या वासराला पाटी वाचता येत नाही.

आपण फवारणी केली नाही, तरी शेजाऱ्याची येते. धुऱ्यावर नेपियर आणि पलीकडे कपाशी ही मांडणी आपल्याकडे सर्रास आहे, त्यामुळे कपाशीवर फवारणी झालेल्या दिवशी वाऱ्याच्या दिशेला असलेल्या ओळी कापू नयेत आणि शेजाऱ्याला आधी कळवण्याची विनंती करून ठेवावी. चारा खाल्ल्यानंतर जनावराच्या तोंडातून लाळ गळू लागली, अंग थरथरू लागले किंवा धाप लागली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकास बोलवावे; 1962 या टोल-फ्री क्रमांकावरून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा मागवता येते.

आठवी पायरी : अळीने खाल्लेल्या ज्वारीची काळजी

हा मुद्दा अळीचा नसून तिच्या मागोमाग येणाऱ्या संकटाचा आहे. कोवळ्या ज्वारीत मुळातच धुरीन नावाचे द्रव्य असते, ज्यापासून जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. पाण्याचा ताण बसला, शेंडा मोडला किंवा अळीने खाल्ल्यावर बुडातून नवी कोवळी फूट आली, की त्याचे प्रमाण धोकादायक होऊ शकते. म्हणून पोंगेमर झालेल्या ज्वारीत “नाहीतरी वाया गेली” असे म्हणून गुरे सोडणे अत्यंत घातक आहे. फुलोऱ्यापूर्वीची अशी ज्वारी हिरवी चारू नये. कापून पूर्ण वाळवल्यावर किंवा मुरघास केल्यावर विषाचे प्रमाण कमी होते. उपाशी जनावराला ती प्रथम देऊ नये, आधी कुटार किंवा तणस टाकावे. बाधा झालेले जनावर काही मिनिटांतही दगावू शकते, तेव्हा पशुवैद्यकाला निरोप देताना “ज्वारी खाल्ली आहे” हे पहिल्याच वाक्यात सांगावे, म्हणजे ते सोबत योग्य इंजेक्शन घेऊन निघतील.

नववी पायरी : नांग्या भरणे

अळ्यांचा जोर ओसरल्यानंतर वावरात मोकळे पट्टे राहतात आणि ते तसेच सोडले, तर गाजरगवत त्यांचा ताबा घेते. नेपियरमध्ये दोन डोळ्यांच्या निरोगी कांड्या लावून, मारवेलमध्ये मुळांसह ठोंब लावून आणि लसूण घासात पट्ट्यापुरते पुन्हा बी टाकून नांग्या भराव्यात. कांड्या घेताना त्या चिरून पाहाव्यात. आत बोगदा किंवा भुसा दिसला, तर तिच्यात खोडकिडा आहे आणि ती लावणे म्हणजे कीड हाताने पेरणे होय. मातीत अजून कोष आहेत काय हे खुरप्याने तपासूनच लागवड करावी, कारण तपकिरी, बोटाच्या पेराएवढे, चकचकीत कोष सापडत असतील, तर साधारण दोन आठवड्यांत त्यांतून पतंग निघतील आणि नवी कोवळी रोपे त्यांच्या अळ्यांच्या तोंडी जातील. अशा वेळी डवरणी करून, कोंबड्या फिरवून, थोडे थांबूनच नांग्या भराव्यात आणि पुढच्या महिन्यात साबणाच्या पाण्याची पहिली चाचणी त्या भरलेल्या पट्ट्यांवर करावी.